जावईबापूंची गोधडी

मी गोधडी बोलतेय. मोठ्यांची नव्हे, बाळाची. जेमतेम दोन हात लांब. बोलायचा जरा संकोचच वाटतो, कारण माझ्या पोटात जुन्या सुती लुगड्याचे चार पदर आहेत, अक्कल किती आहे ते माहीत नाही.

नवेगाव बांधच्या यशोदाबाईंनी नातीसाठी, चंचलसाठी, मला शिवलं. उरलेलं अर्धं लुगडं पेटीत ठेवलं. माझा एक कोपरा तोंडात घेतल्याशिवाय चंचल झोपत नसे. त्या ओल्या कोपऱ्याचा मला फार अभिमान.

त्या घरात एक इग्वानाही होता, म्हणजे मोठा परदेशी हिरवा सरडा. चंचलच्या बाबांनी, दुर्गेशने, लग्नाआधी हौसेने आणलेला. शेपटीसकट चार फूट. दिवसभर रुसून बसायचा, पुढ्यातलं नाकारायचा, समजूत काढायला गेलं की अंगावर यायचा. म्हणून सगळे त्याला जावईबापू म्हणत.

गेल्या महिन्यात जावईबापूंचा जबडा सुजला. खाणं बंद. गोंदियाचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "आजच आणा, उद्यापर्यंत वाचायचा नाही."

शेजारचे सुकरामकाका मासे धरायचं जाळं घेऊन धावले. तळ्यावरच्या माणसाला दुसरं काय सुचणार? जावईबापूंची नखं जाळ्यात अडकली, शेपटीचा फटका काकांना बसला, चावा दुर्गेशच्या हाताला. भोकं पाडून ठेवलेल्या खोक्यावर काका पडले. खोका संपला.

"शेपटी धर नं बे!" काका ओरडले.

"नका! तुटून हातात येते ती!" ही रश्मी, चंचलची आई.

रश्मी भित्री. दुधाची बाटली तीनदा उकळते आणि चौथ्यांदा विचारते, "उकळली ना मी?" पण त्या क्षणी तिने दोरीवरून मला ओढलं आणि जावईबापूंच्या डोळ्यांवर टाकलं. अंधार होताच ते निवले. पुढचे पाय पोटाशी, मागचे शेपटीशी सरळ करून, शेपटी आत वळवून तिने मला त्यांच्याभोवती गुंडाळलं. घट्ट, पण श्वास घेता येईल असं, नाक मोकळं. रोज चंचलला गुंडाळते, तसंच.

"बरोबर केलं का मी?" तिने विचारलं. सगळे दाराआड होते.

दुर्गेश हाताला टाके घालून घ्यायला गेला. रश्मी एकटीच एसटीत बसली. तिच्या मांडीवर मी, माझ्यात जावईबापू. वाटेतल्या गोरेगावला सुलोचनाबाई नावाच्या एक बाई भाजीची पिशवी घेऊन शेजारी टेकल्या.

"पोरगा का पोरगी, माय?"

"मुलगा."

"नाव काय ठेवलं?"

"जाव... बापू."

"गुणाचा हाये. रडून नाही राहिला." त्यांनी मला थोपटलं. आतून फुस्स आवाज आला. "सर्दी झाली वाटते."

तेवढ्यात एक नख माझ्या टाक्यांतून बाहेर आलं.

"काऊन वं, पोराची नखं नाही कापत?"

"भीती वाटते, काकू."

"आन् हिरवा काऊन दिसते?"

"कावीळ."

"कावीळ तं पिवळी राहते!"

बाईंना कळवळा आला. स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन, तीट लावायला त्यांनी माझी कड उचलली. उजेड आत शिरला. जबडा उघडला. बोट आणि दात यांत अंतर फारसं नव्हतं. रश्मीने माझा कोपरा त्या जबड्यात कोंबला. चंचलचा कोपरा.

"बाप्पा! दात बी आले!" म्हणत बाईंनी कपाळावर तीट लावलीच. मग थोड्या सरकून बसल्या. "झाक वं झाक, नजर लागन."

गोंदिया येईपर्यंत जावईबापूंनी तो कोपरा सोडला नाही.

डॉक्टरांनी जबड्यातला पू काढला. जावईबापू वाचले. तीट कोणी लावली, हे डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "साबणाने हात धुवा. आणि ही गोधडी आता बाळाला द्यायची नाही. या प्राण्यांचे जंतू बाळाला बाधतात."

"तीनदा उकळली तर?"

"नाही."

रश्मी माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

आता मी भोकांच्या नव्या खोक्यात तळाशी असते. जावईबापू माझा कोपरा धरून झोपतात. सवय लागली म्हणे. यशोदाबाईंनी पेटीतल्या अर्ध्या लुगड्याची दुसरी गोधडी शिवली. चंचल दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी नव्या गोधडीचा कोपरा ओला झाला.

रश्मी, एकच मागणं. मला धुवून दोरीवर टाकशील तेव्हा चंचल रांगत येईल, हात वर करेल. देऊ नकोस. वाऱ्याने मी तिच्याकडे झुकले, तरी देऊ नकोस.

आणि त्या दिवशी तू बरोबर केलंस. सगळे दाराआड होते, म्हणून मी सांगते.