बटणांची शेगडी

“ही पण नको,” बायको म्हणाली आणि काचेवरचं बोट उचलून तिने रुमालाला पुसलं.

“आई, सून पसंत करताना एवढा वेळ लावला नव्हतास,” मुलगा म्हणाला.

“सून तू पसंत केलीस. मला नुसती दाखवलीस.”

दुकानातल्या बाई हसल्या आणि पुढच्या शेगडीकडे वळल्या.

आमचं स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं होतं. ओटा नवा, कपाटं नवी आणि जुन्या शेगडीच्या जागी ओट्यातच बसवायचा हॉब. मुलाच्या मनात काचेचा, सपाट, बटणं नसलेला हॉब भरला होता. काचेवर बोट टेकवलं की आकडे उजळत. पुसायला सोपा, दिसायला देखणा. बायको मात्र प्रत्येकात खोट काढत होती. एकात म्हणे आपलाच चेहरा दिसतो, दुसऱ्याची काच जड भांड्याने तडकेल.

खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. कडेचं थोडंफार दिसे. जिथे पाहायला जावं तिथे राखाडी डाग. यापुढे सुधारणा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती एवढंच म्हणाली होती, “घरी बोलू नका. मला खुर्चीत बसवून ठेवतील.” मी बोललो नाही. न बोलणं मला जमतं. सगळा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या ओळी तपासण्यात गेला, स्वतःचं काही बोलायची वेळ फारशी आली नाही. पण गप्प राहून मी योग्य करत होतो की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

ती पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. बोर्डाकडे न बघता हिचे हात चालायचे, असं तिच्या मैत्रिणी सांगत. स्वयंपाकही आता तसाच चालला होता. कांद्याचा वास, झाकणाची थरथर, तळहाताला लागणारी धग, यांवर. त्यासाठी हाताला कळेल असं बटण हवं होतं. गुळगुळीत काचेवर ती काय चाचपणार होती?

मागच्या रांगेत एक जुन्या वळणाचा हॉब होता. जाड लोखंडी जाळ्या आणि पुढे ओळीने ठसठशीत बटणं. तिने एक बटण दाबून फिरवलं, उलटं फिरवलं. मग जाळीवरून हात नेला. तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

“हा घेऊ या.”

“हा? आई, कोणी घेत नाही म्हणून मागे पडलाय तो.”

“तुझ्या वडिलांनाही कोणी घेत नव्हतं. चाललं ना?”

मला वाटलं, आपणही थोडा हातभार लावावा. मी बाईंना विचारलं, “ज्योत विझलेली दिसलीच नाही, तर?”

“गॅस आपोआप बंद होतो, काका.”

“आणि भांडं मधोमध बसलंय की नाही, ते हाताने कळतं ना?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मुलानेही पाहिलं. मग त्याने आईकडे पाहिलं. ती बाईंशी बोलत होती, पण तिची नजर बाईंच्या खांद्यापलीकडे होती.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, “कधीपासून?”

माझ्याआधी तीच म्हणाली, “मागच्या वर्षापासून. तेव्हापासून तू जेवतोयस ते कोण करतंय?”

“अगं, पण भाजली असतीस म्हणजे?”

“डोळे धड होते तेव्हाच जास्त भाजलेय.”

“ते काही नाही. आता ती बघेल सगळं. तू आराम कर.” ‘ती’ म्हणजे सून.

“आराम म्हणजे काय करू तेवढं सांग. वाचू? टीव्ही बघू?”

तो काचेच्या हॉबकडे बघत राहिला, मग आईच्या हाताकडे. तिने ते बटण अजून सोडलं नव्हतं आणि तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती.

“हाच द्या,” शेवटी तो बाईंना म्हणाला. आणि आईला, “तळणाचं मात्र तिच्याकडे. त्यात घासाघीस नाही.”

“तळण तिला माझ्यापेक्षा बरंच जमतं,” बायको म्हणाली. हे काही खरं नव्हतं. माघार तिने अशी गोड करून घेतली.

हॉब बसला त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. नव्या बर्नरची आच तिच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली असावी. भाताचा करपट वास बाहेरपर्यंत आला. सून उठायला लागली, मुलाने मान हलवली, तशी ती परत बसली.

जेवताना आम्ही तिघंही ताटात बघत होतो.

“भाजी छान झालीय, आई,” सून म्हणाली.

“भातही मोकळा झालाय,” मी म्हणालो.

बायकोने एक घास घेतला, सावकाश चावला.

“भात लागलाय,” ती म्हणाली.

सुनेने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

“पूर्वी जरा लागला तरी घर डोक्यावर घ्यायचात. आता सगळ्यांच्या तोंडाला कुलूप?”

मुलाने पाण्याचा घोट घेतला.

“करपलाय, आई,” तो म्हणाला. “चांगलाच करपलाय.”

“मग वरचा वरचा घे,” ती म्हणाली. तिचा आवाज मोकळा झाला होता. पातेलं जवळ ओढून तिने भातवाढी भरली आणि त्याच्यापुढे धरली. भातवाढी ताटाच्या जराशी बाहेर होती. त्याने ताट तिच्याखाली सरकवलं.