समोरचे येतायत

आमच्या रस्त्यावर संध्याकाळचे दिवे बघत राहावं असे लागतात. आधी कोपऱ्यावरच्या पांढऱ्या घरात वरच्या मजल्यावर, मग आमच्या शेजारी, मग समोर जिन्यात. पडद्यांमागे टीव्हीचा निळसर उजेड हलायला लागतो. नवख्या माणसाला वाटावं, काय सुखी वस्ती आहे. मलाही वाटायचं. आता दिवेलागणी झाली की मी स्वयंपाकघरात जाऊन खिडकीकडे पाठ करून उभी राहते.

रस्ता जुना आहे. इथे पूर्वी घोड्यांचे तबेले होते, म्हणून तो इतका ऐसपैस. तबेले गेले आणि व्यापाऱ्यांनी मोठाली घरं बांधली. व्यापाऱ्यांची मुलं वाटण्यांवरून एकमेकांच्या उरावर बसली, तेव्हा घरं डॉक्टर-वकिलांकडे गेली. त्याच भांडाभांडीत एका घराचा अरुंद तुकडा माझ्या सासऱ्यांच्या पदरात पडला. खाली चष्म्यांचं दुकान, वर आम्ही. अशा घरंदाज रस्त्यावर दुकान म्हणजे नाकावरचा फोडच, पण रस्त्यातल्या बहुतेकांना धड दिसत नव्हतं, त्यामुळे निभावलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा इथली माणसं श्रीमंत होती आणि आगाऊही होती. जज्जसाहेबांची बायको खिडकीतून माझ्या वाळत घातलेल्या चादरींना नावं ठेवायची. सर्जनकाका आमच्या दारात गाडी लावायचे आणि वर आमच्यावरच डाफरायचे. मीही काही कमी नव्हते. भांडणं व्हायची, पण भांडायला समोर माणूस असायचं. मग घरांच्या किमती आभाळाला टेकल्या आणि एकेक जण विकून गेला. नवे मालक कोण, ते कळलं नाही. कॅमेरे बसले, दारांवर स्पीकर बसले, दूर मोठ्या रस्त्यावर एका पहारा कंपनीची चौकी आली. माणसं काही सामान उतरवताना दिसली नाहीत, पण दिवे लागायचे, टीव्ही चालायचा, डाव्या घरातलं कुत्रं भुंकायचं. कुठल्या घरात कुणी आहे आणि कुठल्यात नाही हे कुणालाच कळू नये, म्हणून तो सगळा थाट होता. आम्हालाही तो कळला नाही.

समोरच्या घरात मात्र माणूस आहे याची आम्हाला खात्री होती. पार्सलवाला आला की दारावरच्या स्पीकरमधून आवाज यायचा, "तिथंच ठेवा, मी अंघोळ करतोय." सकाळी अंघोळ, दुपारी अंघोळ, संध्याकाळीही अंघोळच. आमच्या ह्यांनी त्याचं नाव अंघोळकर ठेवलं होतं. "स्वच्छ माणूस आहे हो," ते म्हणायचे, "एकदा चहाला बोलवायला पाहिजे, कोरडा असला तर."

त्या संध्याकाळी मी वर होते. हे खाली दुकानात एका चष्म्याचा स्क्रू शोधत होते. दुकान बंद होऊन वर्षं झाली, तरी ह्यांचा जीव तिथंच असतो. स्क्रू कपाटाखाली गेला म्हणून ते जमिनीवर आडवे झाले आणि कपाट पुढे ओढलं. ते कपाट म्हणजे जुन्या लाकडाचं, छातीपेक्षा उंच, छोट्या छोट्या खणांचं, आणि प्रत्येक खणात काचा आणि पितळी फ्रेमी ठासून भरलेल्या. ओढल्याबरोबर वरचे खण आपोआप सरकून बाहेर आले, भार पुढे आला आणि ते सगळं धूड ह्यांच्या अंगावर कोसळलं.

घर हादरलं. मी जिना कशी उतरले ते मला आठवत नाही. कपाटाची एक बाजू टेबलाच्या पायात अडकली होती, म्हणून ते चिरडले गेले नव्हते, पण दुसरी बाजू थेट छातीवर होती. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मी खांदा लावून रेटा दिला. कपाट बोटभर उचललं गेलं, त्यांनी एक श्वास ओढला, आणि माझे पाय सरकले तसं ते पुन्हा खाली आलं. खाली येताना ते आधीपेक्षा जास्त टेकलं. स्टूल घुसवून पाहिलं, ते मोडलं. कपाट धरायचं आणि माणसाला ओढायचं अशी दोन कामं होती आणि मी एकटी होते. 

अँब्युलन्सला फोन लावला. बाई चांगली होती, पण म्हणाली, "निघतेय गाडी, मात्र पुलावर कोंडी आहे. तोवर वजन उचललं गेलं पाहिजे. शेजारी कुणीतरी असतीलच ना?"

"असतील," मी म्हणाले आणि अनवाणीच बाहेर पळाले.

नेमके तेव्हाच दिवे लागत होते. मला तर हायसं वाटलं. मी डाव्या घराची बेल दाबली. कुत्रं भुंकू लागलं. इतक्या जवळून मी ते कधी ऐकलं नव्हतं. ते आधी सलग भुंकलं, मग गुरगुरलं, मग नखांनी दार खरवडल्याचा आवाज आला, आणि मग तेच सगळं त्याच क्रमानं पहिल्यापासून. आवाज दाराआडून येत नव्हता. तो माझ्या डोक्यावरच्या एका डबीतून येत होता. 

उजव्या घरात टीव्ही चालू होता. मी बेल दाबली, दार बडवलं, हाका मारल्या. उजेड निळा व्हायचा, पांढरा व्हायचा, पण बोलण्याचा की गाण्याचा एक शब्द बाहेर येत नव्हता. मी तिथं थांबले नाही. धावत रस्ता ओलांडून अंघोळकरांच्या दाराशी गेले.

"कोण?" स्पीकरमधून लगेच आवाज आला. तो आवाज ऐकून मला रडूच फुटलं.

"मी समोरची. अहो, आमच्या ह्यांच्या अंगावर कपाट पडलंय. मला उचलत नाही. पटकन या, श्वास अडकलाय त्यांचा."

"अरे बापरे. आलोच. मी जरा अंघोळ करतोय."

"टॉवेल गुंडाळून या. मी बघणार नाही."

"हो हो, आलोच."

मी उलट पावली घरात पळाले. ह्यांचे ओठ निळसर झाले होते. मी गुडघ्यावर बसून त्यांच्या कानाशी म्हणाले, "समोरचे येतायत. अंघोळकर. आलेच बघा. तेवढा दम धरा." त्यांनी डोळे मिटून उघडले. म्हणजे ऐकलं. पुन्हा खांदा लावून मी कपाट बोटभर उचललं, एवढा एक श्वास त्यांना दिला, आणि दाराकडे बघत राहिले. दारात कुणी आलं नाही.

मी परत समोर गेले. "अहो, निघालात का?"

"आलोच. कपडे घालतोय."

"कपडे राहू द्या हो."

"आलोच म्हटलं ना."

तेवढ्यात त्याच्या आवाजामागून एक लहान मुलगी किरकिरली, "मला दूध नको," आणि एक बाई म्हणाली, "बस येईल आत्ता. दप्तर कुठंय तुझं?"

मी वर बघितलं. आभाळात अंधार उतरत होता. दिवेलागणीला कुठल्या शाळेची बस येते?

"तुमच्याकडे सकाळ आहे का?" मी विचारलं.

स्पीकरमागे दार लावल्याचा आवाज आला आणि मुलीची किरकिर ऐकू येईनाशी झाली.

"तुम्ही कुठं आहात?"

"घरातच आहे." मग तो हळू आवाजात, घाईघाईनं बोलू लागला. "हे बघा बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पहारा कंपनीनं बजावलंय, घरी नाही असं कधी कबूल करायचं नाही. माणूस मेलाय, कपाट पडलंय, पोर भाजलंय, असं सांगूनच लोक दार उघडायला लावतात. तुम्ही निघा तिथून, नाहीतर मी बटण दाबीन. कंपनीची माणसं दोन मिनिटांत पोचतात."

त्याचाही आवाज कापत होता. कुठल्या तरी भलत्या देशात, मुलीचं दूध निवत असताना, तो माझ्याइतकाच भ्याला होता. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

"किती माणसं येतात?" मी विचारलं.

"काय?"

"बटण दाबल्यावर किती माणसं येतात?"

"दोन."

"मग दाबा हो. पाया पडते तुमच्या, दाबा."

त्यानं स्पीकर बंद केला. वेडी समजला असेल, नाहीतर त्यालाही त्यात काही डाव दिसला असेल. मी बेल दाबत राहिले. पायरीशी एक दगडी कुंडी होती, तिच्यात रबरी झाड होतं. मी झाड उपटून फेकलं, कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि दाराशेजारच्या उंच काचेवर घातली.

भोंगा असा ओरडला की मी कान झाकून खालीच बसले. फुटलेल्या काचेतून आतला दिवाणखाना दिसला. खुर्ची नाही, गालिचा नाही, भिंतीला खिळासुद्धा नाही. उघड्या फरशीच्या मधोमध एक दिवा जळत होता आणि जिन्याच्या कठड्यावरचं प्लास्टिक अजून कुणी काढलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही ज्याची चेष्टा करत होतो, तो माणूस इथं एकदाही राहिला नव्हता. एवढा भोंगा वाजत होता, पण साऱ्या रस्त्यावर एक पडदा हलला नाही. तेव्हा मला कळलं की इथं आम्ही दोघंच आहोत, आणि त्यातलं एक जण आत गुदमरतंय.

माणसं मात्र खरंच आली. मोटरसायकलवरून दोघं, एक मिशीवाला आणि एक जाडा. त्यांनी माझे हात मागे पिरगाळले. मी सगळं सांगितलं, आमचं उघडं दार दाखवलं. जाडा तिकडे बघायला लागला, तसा मिशीवाला म्हणाला, "जाऊ नको. असंच एकाला आत बोलवतात आणि बाकीचे इकडं घर साफ करतात. पोलीस येईपर्यंत हिला धरायचं."

"अहो, मी इथंच राहते. आयुष्य गेलं माझं इथं."

"कोण सांगेल?"

कोण सांगणार? जज्जाची बायको असती तर ओरडून सांगितलं असतं, हीच ती घाणेरड्या चादरीवाली. जाड्यानं स्पीकरचं बटण दाबलं. "साहेब, या बाई समोर राहते म्हणतात. तुम्ही ओळखता का?"

स्पीकर खरखरला. मग तो आवाज म्हणाला, "मी... मी माझंच ते घर अजून पाहिलेलं नाही. घेतलंय फक्त."

मिशीवाल्यानं पकड आणखी आवळली. मला एकाएकी भीतीपेक्षा संताप आला.

"बरं," मी म्हणाले, "मला धरायचंय ना? धरा. पण इथं कशाला? माझ्या घरात नेऊन धरा. दोघं मिळून धरा. हात सोडू नका, हवं तर बांधा. पण चला."

ते एकमेकांकडे बघायला लागले. जाडा माझ्या पायांकडे बघत होता. काचेवरून चालल्यामुळे त्यातून रक्त येत होतं. "चोर अनवाणी येत नाही रे," तो म्हणाला आणि मला दंडाला धरूनच रस्त्यापलीकडे पळवत घेऊन निघाला.

आत ह्यांचे डोळे उघडे होते, पण छाती हलत नव्हती. जाड्यानं माझा दंड सोडला, टोपी फेकली, पाठ लावली आणि ते धूड एका दमात वर घेतलं. खण निसटले, साऱ्या दुकानभर काचा उडाल्या. मिशीवाल्यानं आणि मी काखेत हात घालून ह्यांना ओढलं. काही झालं नाही. मी त्यांच्या गालावर मारलं, मग पुन्हा मारलं, जोरात, इतकी वर्षं कधी मारलं नाही तसं. मग त्यांच्या घशातून घरघर आली, आणि ते खोकले.

कपाट भिंतीला लावून जाडा धापा टाकत आमच्याजवळ बसला. घामानं तो नखशिखांत निथळत होता. ह्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही समोरचे ना?" ते कसंबसं म्हणाले. "अंघोळ अर्धी टाकून आलात."

जाड्यानं माझ्याकडे पाहिलं. 

"हो," तो म्हणाला. "समोरचाच. बोलू नका आता."

मग अँब्युलन्स पोचली. बरगड्या मोडल्या होत्या, पण हे दवाखान्यातून घरी आले. पोलिसांनी माझा जबाब घेतला आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. समोरची काच कुणीतरी येऊन बसवून गेलं. आता हे संध्याकाळी खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि समोर जिन्यातला दिवा लागला की हात वर करतात. मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. कपाटाखाली ते 'समोरचे येतायत' या दोन शब्दांवर तग धरून होते. ते शब्द काढून घ्यायचे कसे? पण त्यांचा तो वर केलेला हात बघवत नाही मला. उद्या मला काही झालं, तर हे समोर जाऊन बेल दाबतील आणि 'आलोच' ऐकून पायरीवर वाट बघत बसतील. या विचारानं मला झोप लागत नाही.

काल शेवटी मी म्हणाले, "अहो, विकू या हे घर."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, माझं डोकं ठिकाणावर आहे ना असं.

"आता?" ते म्हणाले. "अगं, आत्ता कुठं शेजार लाभलाय."