जुना स्पंज कुठे आहे?

माझ्या हाताला धुण्याचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकते. धुळ्याहून इकडे आले, राखोलीच्या सुताच्या कंपनीत झाडू-पोछ्याला लागले, तेव्हापासून ऑफिसच्या फरशीत तोंड दिसतं. खोटं वाटत असेल तर या बघायला. आणि या वेडापायीच मी एकदा चौदा मासे मारलेत.

सुधाकरसाहेबांच्या केबिनबाहेर माशांची मोठी काचेची टाकी होती. साहेब मुंबईचे, त्यांना त्या टाकीचं भारी कौतुक. त्र्याण्णव सालच्या दिवाळीला सगळं ऑफिस साफ करायचा हुकूम निघाला. मी कशाला टाकी सोडते? पाणी उपसलं, खडे घासले. फिल्टरचा स्पंज तर काळाकुट्ट, बुळबुळीत, शी! ब्लीचिंग पावडरीत घालून असा चोळला की लख्ख पिवळा निघाला. सगळ्यांनी वाहवा केली. पाचव्या दिवशी चौदाच्या चौदा मासे उलटे तरंगत होते. मी ढसाढसा रडले. म्हटलं, कुणाची तरी नजर लागली.

गोकुळभाऊ आमच्याच गावाकडचा. कंपनीचं घाण पाणी साफ करतात ना, त्या प्लांटवर होता. तो तोंडावर म्हणाला, "नजर कसली, कमळाताई? तुम्हीच मारले."

आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही! नवव्या दिवशी तोच मला प्लांटवर घेऊन गेला. हौदात तपकिरी पाणी नुसतं खदखदत होतं. मी नाकाला पदर लावला.

"नाक काय दाबता?" तो म्हणाला. "या गाळात डोळ्याला न दिसणारे जिवाणू आहेत. घाण तेच खातात. नवा हौद सुरू करताना आम्ही त्यात शेण टाकतो, नाहीतर जुन्या हौदाचा गाळ आणून ओततो. कोरा हौद काय कामाचा, कप्पाळ! तुमच्या टाकीतही तसंच. मासे पाण्यातच हगतात-मुततात, त्याचं विष होतं. ते विष खाणारे त्या काळ्या स्पंजात राहत होते. तुम्ही त्यांना ब्लीचिंगची आंघोळ घातलीत."

मला असं कानकोंडं झालं म्हणून सांगू!

पुढे साहेबांनी पुन्हा मासे आणले. आधी दोनच, मग हळूहळू आठ. पण बजावलं, "कमळाबाई, हे मेले तर टाकी कायमची स्टोअरमध्ये जाईल." मी कानाला खडा लावला. स्पंज धुवायचा तर टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात, तोही नुसता हलकेच बुचकळून. तो परत काळा व्हायला लागला तशी मी खूश! मी, कमळाबाई, काळ्या स्पंजाकडे बघून खूश! मोठ्या चांदीसारख्या मासोळीला मी राणी म्हणायची. मी दिसले की ती काचेला तोंड लावायची. घरी किलवणीला एवढं कुणी माझी वाट बघत नव्हतं.

दीड वर्ष झालं. एका शनिवारी मी जेवून परत आले आणि टाकीसमोर थबकलेच. आत नवाकोरा फिल्टर घरघरत होता, पांढऱ्या स्पंजाचा. पाणी चकाचक. बाजूला स्टोअरवाला श्रीकांत मोठा पराक्रम केल्यासारखा उभा.

"साहेबांनी मुंबईहून मागवलाय. बसवून टाकला," तो म्हणाला.

"आणि जुना स्पंज कुठे आहे?"

"ती घाण? विकीला दिली, गाडी धुवायला."

अगं बाई गं! मी जी पळत सुटले! जिन्यावर चपलेचा अंगठा तुटला, ती तिथेच टाकली. बाहेर चैताचं ऊन मी म्हणत होतं. साहेबांचा ड्रायव्हर विकी बादलीत साबणाचा फेस करून गाडीचं दार घासत होता. हातात माझा स्पंज!

"ए विक्या, मेल्या, हात थांबव!"

तो एवढा दचकला की स्पंज बादलीत पडला. मी डोक्याला हात लावून मटकन खालीच बसले. गेलं, सगळं साबणात गेलं.

"अरे बाई, क्या हुआ?" विकी घाबरून म्हणाला. "पूरा चाहिए क्या? मोठा होता म्हणून ब्लेडने आधा कापला. दुसरा तुकडा तो पडलाय की."

गाडीच्या टपाच्या कडेला, उन्हात, अर्धा काळा तुकडा पडला होता. मी झडप घातली. वरून कोरडा लागला. हलकेच दाबला, तर तपकिरी पाण्याचा थेंब बोटावर आला.

"ओला आहे! ओला आहे रे!" मी ओरडले. विकीला वाटलं, बाई उन्हानं चळली.

"मी देतो ना नळाखाली धुवून," बिचारा म्हणाला.

"खबरदार! त्या नळालाही ब्लीचिंगचा वास येतो. जा, गोकुळभाऊला बोलाव, पळ!"

तुकडा ओंजळीत धरून मी एका चपलेनिशी वर आले. गोकुळभाऊ आला तोवर टाकीतलंच पाणी मगमध्ये काढून त्यात तो बुडवला होता. त्यानं मगात डोकावून बघितलं आणि म्हणाला, "शाबास, ताई! आता नव्या फिल्टरवर पिळा. मग हा तुकडाही त्याच्या शेजारीच बांधून ठेवा. इथले जिवाणू तिकडे जाऊन नांदायला महिना लागेल."

मी पिळला. टाकीचा पार चहा झाला. श्रीकांत बोंबलला आणि केबिनमधून साहेब बाहेर आले.

"कमळाबाई, हे काय? नव्या फिल्टरवर घाण?"

माझं तोंड कुठे थांबतंय!

"साहेब, घाण नाही ती. मागचे चौदा मासे मी घाण धुऊनच मारले. आज सांगते. यांना पाच दिवस द्या. मेले तर टाकीबरोबर मलाही काढा."

गोकुळभाऊनं माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, "अर्धीच फौज उरलीय, ताई. खाणं चिमूटभरच द्या."

साहेब बोटांवर दिवस मोजत आत गेले.

दुसऱ्या सकाळी पाणी निवळलं. माझा जीव काही निवळेना. रविवारची सुट्टी असून मी किलवणीहून आले. सोमवारी राणी वर येऊन तोंड उघडझाप करायला लागली, तशी मी बादलीकडे धावले. ब्लीचिंग उडून जावं म्हणून आदल्या दिवशीच भरून ठेवलेलं दोन बादल्या पाणी बदलून घातलं. मंगळवारी ती खाली गेली, खाऊ लागली. बुधवारी साहेब आले, काचेला नाक लावून मोजत बसले.

"आठ," ते म्हणाले. परत मोजले. "आठच्या आठ!"

मी टाळ्याच पिटल्या हो, साहेबांसमोर! विकी दारातून ओरडला, "बच गए!"

श्रीकांतनं विचारलं, "मग आता तो काळा तुकडा फेकू?" साहेबांनी गोकुळभाऊकडे बघितलं. गोकुळभाऊनं माझ्याकडे बोट केलं.

"महिनाभर हात लावायचा नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाकीवर एक कागद चिकटवलेला होता. मला वाचता येत नाही. गोकुळभाऊकडून तीनदा वाचून घेतला: 'कमळाबाईंना विचारल्याशिवाय या टाकीतलं काहीही धुऊ नये.' त्यात माझं नाव कुठे आहे, ते मी आता न विचारता बोट ठेवून दाखवते.