प्रमोदिनीबाईंची मंजुरी

"पान उघडत नाहीये, की सापडतच नाहीये?" फोन कानाशी धरूनच प्रमोदिनीबाईंनी कुकर खाली उतरवला.

"गायबच झालंय, बाई," पलीकडून महूचे रामभाऊ म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झालेले रामभाऊ नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर बाईंची पानं वाचून वाचून शिकत होते. "कालपर्यंत था. आता तिथं सगळं एक्स्पर्ट लोकांचंच आहे. आपल्या तर काही पल्ले नाही पडत."

"जरा थांबा. मी बघते आणि फोन करते."

हा सगळा मामला 'रेवा'चा. रेवा म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, कुणीही फुकट घ्यावी आणि येत असेल त्यानं तिच्यात सुधारणा करावी अशी. ती घडवणारी मंडळी एरवी आपापल्या नोकऱ्या करत आणि शनिवारी शहरातल्या पलासिया भागात एका क्लासच्या खोलीत जमत. सगळे एकापेक्षा एक हुशार. फक्त आपण केलेलं साध्या माणसाला समजेल असं सांगा म्हटलं, की त्यांची दातखीळ बसायची. शाळेत संगणक शिकवणाऱ्या प्रमोदिनीबाईंनी ते काम आपण होऊन अंगावर घेतलं होतं. माहितीचे दोन भाग त्यांनीच पाडले. 'नवीन असाल तर' हा त्यांनी लिहिला आणि 'जाणकारांसाठी' हा नीरजनं.

नीरज त्यांचाच विद्यार्थी. कुठलं पान कुठल्या भागात घालायचं यावरून दोघं तावातावानं भांडत. डिस्कचे भाग पाडणं हे जाणकारांचं काम, असं नीरजचं म्हणणं. बाई म्हणायच्या, "चुकलं तर माणसाच्या लेकीच्या लग्नाचे फोटो जातात. त्याला आधी सांग." शेवटी धोक्याची सूचना इकडे आणि कारणमीमांसा तिकडे, असा तह व्हायचा आणि नीरज बाईंच्याच ताटात साबुदाण्याची खिचडी खाऊन घरी जायचा. बाईंना मूलबाळ नव्हतं. नीरजला त्या मुलगा म्हणत नसत, पण दिवाळीचा सदरा त्याच्यासाठीही यायचा.

पान बदलायचं तर दोघांची मंजुरी हवी, असा नियम होता. गेल्या वर्षी बाईंचे यजमान दिनानाथराव हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. काम अडू नये म्हणून बाईंनी आपल्या नावानं मंजुरी देण्याचा अधिकार नीरजला दिला आणि त्याबद्दलच्या मेलही त्याच्याकडे वळवल्या. दिनानाथराव बरे होऊन घरी आले, हिंडूफिरू लागले, तरी तो अधिकार परत घ्यायचा राहून गेला. खरं तर घ्यावासा वाटलाच नाही. घरच्या माणसाकडून किल्ली कोण मागून घेतं?

बाईंनी संगणक उघडला. 'नवीन असाल तर' कुठेच नव्हतं. बरंच शोधल्यावर ते 'जुनं साहित्य' या पेटीत सापडलं. शेजारी लिहिलं होतं, मंजुरी: नीरज, प्रमोदिनी.

आपल्याच हातून चुकून काही दाबलं गेलं का, असं त्यांना आधी वाटलं. नीरजवर संशय घ्यायला त्यांना चांगला घटकाभर वेळ लागला. शनिवारच होता. दिनानाथरावांना जेवायला वाढून त्या पलासियाला निघाल्या.

खोलीत गटाचे प्रमुख यशवर्धन भिंतीवर नवी मांडणी दाखवत होते. नोकरीसाठी पुण्याहून आलेले, बोलायला गोड गृहस्थ. "आता सगळी माहिती विषयवार. नवखे आणि जाणकार हा भेदच नको. नवख्यांनी चॅटमध्ये प्रश्न विचारावा, उत्तर आपोआप मिळेल." बाईंना पाहून ते थांबले. "आणि मॅडमचे खास आभार. स्वतः लिहिलेला भाग काढायला स्वतः मंजुरी देणं, याला मन मोठं लागतं."

टाळ्या पडल्या. नीरजनंही वाजवल्या, खाली बघून.

"ती मंजुरी मी दिलेली नाही," बाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. यशवर्धननी नीरजकडे पाहिलं.

"मॅडमनी मला ऑथराइज केलं होतं, सर," नीरज म्हणाला. "लिखित में है. प्रोसेसमध्ये काही गडबड नाही."

"मी तुला काम अडू नये म्हणून दिलं होतं, नीरज."

"काम अडू नये म्हणूनच तर वापरलं, मॅडम."

एरवी तो त्यांना बाई म्हणायचा. मॅडम आज पहिल्यांदाच म्हणाला. बाईंना मंजुरीपेक्षा ते जास्त झोंबलं.

"नियमात बसतंय तर प्रश्नच नाही," यशवर्धन सुटल्यासारखे म्हणाले. "आणि मॅडम, तुमचं लिखाण जातंय कुठे? जपून ठेवलंय की."

"महूच्या रामभाऊंना ते सापडलं नाही."

"चॅट आहे ना."

"काय विचारायचं तेच ज्याला कळत नाही, तो चॅटमध्ये काय लिहिणार?"

ईशा नावाची नवी मुलगी काही म्हणायला गेली आणि तिनं मूग गिळले. जुना भाग परत आणावा का, असं यशवर्धननी रीतसर विचारलं. एकही हात वर झाला नाही. बाईंनी स्वतःचा हात तेवढा वर केला आणि थोड्या वेळानं खाली घेतला.

मंडळी चहाला खाली गेली. नीरज मागे राहिला.

"नवीन मांडणी सर मला लीड करायला देणार होते, बाई. त्यावर पुढे बंगलोरच्या नोकरीचं पण काम होतंय. और आपको पूछता, तर तुम्ही हो म्हणाल्या असत्या का?"

"नसतेच म्हणाले."

"हां, मग? वाईट वाटलं असतं तुम्हाला."

"म्हणून न विचारता माझ्या नावानं सही ठोकलीस?"

केसानं गळा कापला होता पोरानं, आणि वर आपण बाईंचं मन राखलं असंच त्याला वाटत होतं. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात असं वाटलं. पण आवाज फुटला असता तर रडूही फुटलं असतं, आणि ते त्यांना याच्यासमोर नको होतं. त्यांनी लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला.

"तो अधिकार काढायचाय. मला येत नाही. दवाखान्यात तूच माझ्या शेजारी बसून सगळं केलं होतंस. सांग."

नीरज माऊसकडे हात नेऊ लागला.

"हात नको लावू. सांग."

तो मागे सरला. "वर उजव्या कोपऱ्यात तुमचं नाव आहे. त्यावर दाबा." बाईंनी दाबलं. "आता एक यादी उघडेल. घाई करू नका. त्यातली शेवटची ओळ." तो थांबला, त्यांचं होऊ दिलं. "आता माझं नाव दिसेल. दिसलं?"

"दिसलं."

"त्याच्यापुढे लाल चौकोन आहे. तो दाबला की संगणक परत एकदा विचारेल. घाबरायचं नाही. विचारणारच तो."

कुठलाही फाटा नाही, एका वेळी एकच गोष्ट. असं सांगायला त्याला बाईंनीच शिकवलं होतं, आणि ते त्याच्या जिभेवर इतकं बसलं होतं की आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांचा हात क्षणभर थांबला.

पडद्यावर प्रश्न आला. काढायचे? हो. नाही.

"हो वर दाबा, बाई," नीरज हळूच म्हणाला.

बाईंनी चष्मा नीट केला आणि दाबलं.