साखर ओढणारा खडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर खडेवाल्याने ग्लुकोज घातलेल्या ग्लासभर पाण्यात लघवीतली साखर तपासायची पट्टी बुडवली. ती हिरवीगार झाली. मग त्याने पाण्यात पांढरा खडा सोडून डोळे मिटले.

"हा खडा साखर ओढतो! रक्तातली, हाडातली, मागच्या जन्मातलीसुद्धा!"

दुसऱ्या पट्टीचा रंग बदललाच नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पाणी ओठाला लावू नका हं! रोगाची कंपनं उतरलीत त्यात."

मी तिसऱ्या रांगेत होते. धाकटा भाऊ जाऊन पाच दिवस झाले होते. असाच खडा तो रोज लघवीत बुडवायचा. पट्टी कोरी दिसली, म्हणून त्याने इन्सुलिन सोडलं. मला रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता.

पाण्यातली साखर पकडून बाहेर काढणारे रेणू घडवणं, हेच माझं काम. साखर आणि पाणी रेणूला जवळपास सारखीच वाटतात. तो साखर सोडून पाण्यालाच धरून बसतो. नऊ वर्षं आम्ही तिथेच झगडतोय. भाऊ फोनवर हसला होता, "ताई, तुला जमेना ते यांनी करून दाखवलं. शिक जरा!"

मी कामात होते. "नंतर बोलू," म्हणाले.

मी मंचावर गेले आणि कुणी अडवायच्या आत ग्लासातलं घोटभर पाणी प्यायले.

"गोड आहे," मी म्हणाले. "आणि आंबट."

पुढच्या रांगेतल्या एका काकांनी ग्लास घेतला, चाखला. "अहो, हे तर सरबत!"

"साखर कुठेही गेलेली नाही. हा खडा म्हणजे क जीवनसत्त्वाची दाबून केलेली वडी. त्याने पट्टीवर रंगच उमटत नाही. आंधळी होते ती पट्टी. साखर अंगात तशीच राहते. साखर पकडणारा रेणू आम्ही नऊ वर्षं घडवतोय, अजून जमलेला नाही."

खडेवाला म्हणाला, "बाईंची श्रद्धा कमी पडते." पण लोक ग्लास हातोहात फिरवत होते. तो मागच्या दाराने निघून गेला.

गळ्यात खडा बांधलेली एक बाई जवळ आली. "मग तुमचा तो रेणू कधी येणार?"

"माहीत नाही. कदाचित येणारही नाही. तुम्ही शेवटचं इंजेक्शन कधी घेतलंत?"

"परवा."

"चला," मी म्हणाले, "आधी दवाखान्यात जाऊ."