कुंकवाखाली दबलेलं माझं बटण

मित्रांनो, त्या दिवशीच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. मी एक जुना संगणक आहे, हे मला मान्य आहे. पण ‘म्हातारा’, ‘मठ्ठ’, ‘रोगट’? आणि तेही घरात, माझ्या तोंडावर?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका कचेरीत माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे मला गारेगार खोली होती आणि साहेबसुद्धा चपला बाहेर काढून आत येत. तिथे नवं यंत्र आल्यावर कोपरला राहणाऱ्या सरोजवहिनींनी मला विकत घेऊन घरी आणलं. माझ्यावर त्या लग्नाच्या निमंत्रणपत्रिका तयार करून देत. लग्नानंतर स्वतःचं म्हणावं असं हे त्यांचं पहिलंच काम. मला त्या एवढ्या जपत की वर विणलेला रुमालसुद्धा घालत!

मग दसरा आला. वहिनींचे सासरे अण्णा सोवळं नेसून पाटावर बसले. मला सुरू करून माझ्यापुढे आपट्याची पानं ठेवली, झेंडूची माळ घातली. मी तर फुलून गेलो होतो. अण्णांनी ओल्या हळदकुंकवाचं बोट माझ्या कपाळी लावलं आणि अंगठ्यानं असं काही दाबलं, की माझं टर्बोचं बटणच बंद झालं. मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रांचा वेग त्या बटणावर असे. शेजारचा हिरवा दिवा विझला, तो कुंकवाखाली कुणाला दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला सुरू केलं. मी जीव तोडून पळत होतो, पण पाय जणू चिखलात रुतलेले. पडद्यावरचे आकडे मुंगीच्या चालीनं सरकत होते. वहिनी चहा करून आल्या, तरी मी आपला तिथेच.

“याला व्हायरस झालाय,” दुरुस्तीला आलेला महिपत छातीठोकपणे म्हणाला. शेजारच्या कांताकाकूंनी तर नाकाला पदरच लावला! “अगं बाई! मुलांना नाही ना गं लागायचा?” महिपतनं मला उघडलं, धूळ फुंकली, माझ्या मेमरीच्या पट्ट्या शाळेतल्या खोडरबरानं घासल्या. फरक शून्य. “वहिनी, मशीन म्हातारं झालंय. आता नाय चालायचं.”

वहिनींचे यजमान सुधीरराव वैतागले. “सरोज, बास झाला हा व्याप. पत्रिकावाल्यांना नाही म्हणून सांग. रविवारी भंगारवाला येतोय, मी बोलून आलेलो आहे.”

भंगारवाला! अरे देवा! मला ओरडायचं होतं. पण आम्हा यंत्रांना तोंड कुठे असतं?

रविवारी वहिनींनी पत्रिकांचे नमुने फ्लॉपीवर उतरवून घेतले. डोळे भरलेले होते. “जाताना तरी स्वच्छ जा रे बाबा,” म्हणत त्यांनी ओलं फडकं घेतलं. कुंकू वाळून घट्ट झालेलं. त्यांनी जोरात घासलं आणि टक्! हिरवा दिवा लागला.

“अगं बाई, हा दिवा कुठला?” त्यांनी बटण पुन्हा दाबलं. विझला. पुन्हा दाबलं. लागला. घाईघाईनं त्यांनी मला बंद करून परत सुरू केलं आणि मी असा सुटलो म्हणता! वहिनी खुर्चीतून उठायच्या आत मी तयार.

“अण्णा, अहो इकडे या! हे बटण कुणी दाबलं?”

अण्णांनी बटणावरचा लाल ठसा पाहिला, मग स्वतःचा अंगठा पाहिला. ते माझ्यापुढेच जमिनीवर बसले. “सरोज, माझ्याच हातून झालं गं. पूजा करता करता मीच त्याचा गळा दाबला.” मग ते मुलाकडे वळले. “सुधीर, अरे, हल्ली मीही जिना चढायला वेळ लावतो. त्या महिपतला मला दाखवू नकोस म्हणजे झालं.”

सुधीररावांचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. भंगारवाला! “नाही द्यायचं काही,” एवढंच पुटपुटून त्यांनी दार लावलं. मग अण्णांशेजारी जमिनीवर बसून विचारलं, “गुडघे दुखतात का हो अण्णा? कधीपासून?”

मित्रांनो, हा प्रश्न त्या घरात तोवर कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या घरी कुणाची चाल मंदावली असेल, तर तुम्ही आजच विचारा.