नवाब पळाला नव्हता

नागभीडला माझं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सात वर्षं त्या दुकानाचा खरा मालक नवाब होता. मी गल्ल्यावर, तो कूलरसमोर. भात बाजूला सारून बोटी तेवढी खायची, ही त्याची तऱ्हा. कुत्र्यानं भुंकायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आयुष्यात एकदाच त्यानं दात वापरले, ते माझ्या सासऱ्यांच्या पोटरीवर. शाजिया, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ताबिश, घरात आता हा राहील नाई तर मी." मी थोडा वेळ विचार केला, हे तिनं अजून माफ केलेलं नाही.

त्याच आठवड्यात इस्तारीभाऊ पंप घेऊन आले. तासाभरावरच्या जंगलकाठच्या गावातलं हे ढिवराचं घर. तळ्यात मासे धरायचे, थोडं धान पिकवायचं आणि उन्हाळ्यात जंगलात मोहाची फुलं वेचायची. माझे ते जुने गिऱ्हाईक. माझ्या घरात काय चाललंय ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मले देऊन टाक. मोह वेचाले संगं कुत्रं लागते. आमचं वाघानं नेलं."

"नवाबले?" मी हसलो. "उंदीर दिसला तं हा माह्या मांगं लपते, भाऊ."

"शिकन."

त्यांच्या गावात पहिल्याच महिन्यात नवाब मरायलाच टेकला. गावातल्या सहा कुत्र्यांनी तळ्याच्या पाळीवर घेरून त्याचा एक कान मुळापासून तोडला. इस्तारीभाऊंची बायको देवकाबाई जखमेत हळद भरायची आणि समोर पेज ठेवायची. साहेब तोंड फिरवायचे. चार दिवसांत तोंड फिरवणं बंद झालं. भुकेला कोंडा म्हणतात ते खोटं नाही. मग माशांची आतडी, खेकडे, बांधावरचे उंदीर, सगळं चालायला लागलं.

दिवाळीच्या सुमारास मी गेलो तेव्हा गावचा दादा असलेला काळा कुत्रा माझ्यासमोरच नवाबच्या अंगावर आला. नवाब भुंकला नाही. पोटावर सरपटत खाली घुसला आणि त्यानं काळ्याचा पुढचा पाय धरला. हाड मोडलेलं मी ऐकलं. काळा केकाटत पडला, तसे त्याचेच पाच साथीदार त्याच्यावर तुटून पडले आणि त्यांनी त्याला फाडलं. नवाबनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही, माझ्याजवळ येऊन बसला. मला अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

पण एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. जंगलाच्या कडेला झुडपात काही खसफसलं की नवाब धावत इस्तारीभाऊंच्या पायाशी यायचा, आणि ते त्याला काठीनं सडकून काढायचे.

"असं मारतेत काय जनावराले?" मी चिडून विचारलं.

"मारतो म्हणून जिता हाये," इस्तारीभाऊ शांतपणे म्हणाले. "अस्वल दिसलं का भित्रं कुत्रं मालकाकडं पळते. मंग अस्वल कुत्र्याच्या मांगं, अन् थेट मालकाच्या अंगावर. आमच्या इकडले तीन मानसं असेच गेले. त्यानं माह्याकडं याचं नाई. तिकडंच राहाचं, मांगून चावाचं, जनावराले फिरवत ठेवाचं."

माझ्या लाडक्याला काठी बसत होती म्हणून मी घुश्शात होतो. घुश्शात असलेल्या माणसाला ऐकू येतं, समजत नाही.

एप्रिलमध्ये मी मुद्दाम मुक्कामाला गेलो, नवाबला जंगलात बघायचं म्हणून. उजाडता उजाडता निघालो. देवकाबाई आणि तिचा मुलगा धनराज गावातल्या इतरांसोबत नाल्यापलीकडच्या झाडांखाली गेले, आम्ही दोघं नवाबला घेऊन अलीकडच्या. इस्तारीभाऊ वाकून फुलं टोपलीत टाकत होते. मी एका दगडावर बसून त्यांना म्हटलं, "भाऊ, येवढ्या सकाळी आमच्या नागभीडात कोंबडे बी उठत नाई." ते हसले. ते हसतानाच अस्वल बाहेर आलं.

करवंदीच्या जाळीतून ते थेट त्यांच्या अंगावर आलं. त्यांची कुऱ्हाड चार हात लांब पडली होती. पहिल्याच पंज्यात इस्तारीभाऊंच्या कपाळापासून मागपर्यंतची कातडी सुटली आणि डोळ्यांवर लोंबली. ते पडले. अस्वल त्यांच्या छातीवर चढलं.

नवाब मागून आला. आवाज नाही, काही नाही. त्यानं अस्वलाच्या मागच्या मांडीत दात रोवले आणि झटका देऊन सोडून दिलं. अस्वल वळलं, तर हा तिथं नव्हता. अस्वल पुन्हा इस्तारीभाऊंकडं गेलं, यानं पुन्हा चावा घेतला. असं पाच-सहा वेळा झालं. अस्वलाच्या मांडीतून रक्त गळत होतं, आणि दरवेळी ते दोन-चार पावलं लांब ओढलं जात होतं. इस्तारीभाऊ कोपरांवर सरकत झाडाकडं निघाले होते. नाल्यापलीकडून माणसांची आरडाओरड येऊ लागली होती. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर ते वाचले असते. मी डॉक्टर नाही, पण हे मला माहीत आहे.

मी काय करत होतो? मी दगडामागं बसलो होतो.

मग अस्वलाचा पंजा नवाबला लागला. त्याची कूस फाटली, आतली बरगडी पांढरी दिसली, आणि तो केकाटला. सात वर्षांत मी त्याला असं केकाटताना ऐकलं नव्हतं. मी ओरडलो, "नवाब! ये! इकडं ये बेटा!"

तो थांबला. त्यानं अस्वलाकडं पाहिलं, इस्तारीभाऊंकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि आला. रक्त गाळत, उरलेला कान पाडून, दुकानात यायचा तसा आला.

अस्वलाच्या मागं आता कुणी नव्हतं. ते सावकाश इस्तारीभाऊंकडं वळलं.

नवाबला ते माझ्याआधी कळलं. तो परत जायला धडपडू लागला. मी त्याची मान दोन्ही हातांनी आवळून धरली. त्यानं माझ्या मनगटाला दात लावले, पण चावला नाही. खरं सांगतो, हाक मारली ती मायेनं. धरून ठेवलं ते भीतीनं. अस्वल माझ्याकडं आलं तर मध्ये कुणीतरी हवं होतं. दहा-बारा हातांवर इस्तारीभाऊंचा चेहरा चावला जात होता, ते मला नावानं हाक मारत होते, आणि मी कुत्र्याला घट्ट धरून बसलो होतो.

माणसं डबे बडवत आली, तेव्हा अस्वल जाळीत निघून गेलं. इस्तारीभाऊंचा श्वास तोवर थांबला होता. देवकाबाईंनी पदरानं त्यांचं तोंड झाकलं, कारण तोंड म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मग धनराजची नजर माझ्या मांडीवरच्या कुत्र्याकडं गेली.

"हे इथी काऊन हाये?" तो म्हणाला. "बा तिथी मेला अन् हे इथी?"

देवकाबाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "ताबिशभाऊ, तुमी तं होते ना? पळालं काय हे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. धनराजच्या हातात काठी होती. मी मान हलवली. हो.

पहिला फटका पाठीवर बसला. नवाबला काठीचा अर्थ ठाऊक होता: माणसाकडं आलास, चुकलास. तो माझ्या मांडीवरून उठला, फाटलेली कूस घेऊन जाळीच्या दिशेनं आठ-दहा पावलं गेला, आणि आमच्याकडं पाठ करून, जंगलाकडं तोंड करून, गुरगुरत उभा राहिला. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. धनराजनं मागून डोक्यात काठी घातली. तो खाली बसला. मग आणखी दोघं पुढं आले, आणि ते बराच वेळ मारत राहिले.

माझ्या मनगटावरच्या दातांच्या खुणा बघून देवकाबाई म्हणाली, "तुमाले बी चावलं मेलं." त्या खुणांवर तिनं स्वतःच्या हातानं हळद लावली. मी लावू दिली.

जून लागायच्या आधी देवकाबाई दुकानात आली. मी खुर्ची दिली, चहा मागवला. शाजिया आतून येऊन तिच्याजवळ बसली. इकडचं तिकडचं झालं. जाताना दाराशी थांबून ती म्हणाली, "पोट काही थांबत नाई, भाऊ. पुढच्या साली मी अन् धनराज, दोघंच जाऊ मोहाले. तुमच्या पाह्यण्यात एखांदं कुत्रं असन तं द्या. पन त्या नवाबासारखं पळपुटं नका देऊ."

"पाहतो," मी म्हणालो.